डिस्क फुल झाली? हात घालण्याआधी या चुका टाळा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. हाताला लागेल ते डिलीट करत सुटतात, नाहीतर डिस्कचे भाग (पार्टिशन) लहान-मोठे करणारं फुकटचं टूल डाउनलोड करतात. जागा नेमकी कशानं खाल्ली, हे बघायला कुणी थांबत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतली दुकानं असोत की शिरोली एमआयडीसीतली ऑफिसं, सगळीकडं हेच.

मुळात सी ड्राइव्ह १०० जीबीचा करायची जुनी सवय आता सोडा. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबी आहे. त्यावर अपडेट, मेलच्या फाइली, डेस्कटॉप, डाउनलोड हे सगळं सीमध्येच साठतं. ५१२ जीबीची एसएसडी असेल तर मी तुकडे करतच नाही, डेटासाठी दुसरी डिस्क लावायला सांगतो.

खरी गडबड पुढं होते. डी ड्राइव्ह लहान केला, जागा मोकळी झाली, तरी सी वाढवायचं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हे बटण करडंच, म्हणजे बंदच राहतं. सी वाढवायला मोकळी जागा त्याच्या उजवीकडं, अगदी लागून हवी. डी लहान केल्यावर ती निघते डीच्या पलीकडं. शेजाऱ्याच्या रानापलीकडं पडीक जमीन मिळाली म्हणून आपला बांध सरकत नाही, तसंच हे. मग टूल येतं आणि डीची सुरुवातच पुढं सरकवतं, म्हणजे आतला सगळा डेटा उचलून नव्या जागी मांडतं. हे चालू असताना मशीन बंद पडलं तर संपलं.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात हेच घडलं. वळवाचा पाऊस, लाइट गेली, यूपीएसच्या बॅटरीत दम नव्हता. मी पोचलो तेव्हा डी ड्राइव्ह 'रॉ' दाखवत होता, म्हणजे आतली मांडणी विंडोजला वाचताच येत नव्हती. "दादा, पाच मिन्टाचं काम हुतं, व्हिडिओत तसंच दाखवलंय," ऑपरेटर पोरगा रडकुंडीला आलेला. बॅकअप होता, पण डीमध्येच! रिकव्हरीत बऱ्याच फाइली आल्या, पण नावं आणि फोल्डर गेले. पॅटर्नची ड्रॉइंगं एकेक उघडून ओळखत माणसं कितीतरी दिवस बसली. व्हिडिओ बनवणाऱ्याची लाइट गेलेली नसते, एवढं तरी पोरांनी लक्षात घ्यावं.

माझी पद्धत वेळखाऊ आहे आणि मी ती बदलणार नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन दिसतात, त्या स्क्रीनचा फोटो काढतो, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून घेतो. डीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करतो आणि तिथून चार फाइली उघडून बघतो. मग डी पूर्ण उडवतो, सी वाढवतो, डी नव्यानं बनवून डेटा परत टाकतो. सी आणि डीच्या मध्ये विंडोज दुरुस्तीचं रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असेल तर तेही वाटेतून काढावं लागतं, म्हणून आधी रिकव्हरी पेनड्राइव्ह तयार करतो.

लिनक्स सर्व्हरवर वेगळाच घोळ. लॉग (सर्व्हिसच्या नोंदींची फाइल) फुगला म्हणून कुणीतरी तो आरएम या डिलीटच्या कमांडनं उडवतं, तरी डिस्कची एकूण जागा सांगणारी डीएफ कमांड डिस्क फुलच दाखवते आणि फाइलींची जागा मोजणाऱ्या डीयूला ती जागा सापडत नाही. फाइलचं नाव गेलं, पण सर्व्हिसनं (मागं चालू असलेल्या प्रोग्रॅमनं) ती अजून उघडी धरलीय, म्हणून डिस्कवरची जागा सुटत नाही. त्यासाठी भर दुपारी अख्खा सर्व्हर रीस्टार्ट करणाऱ्यांचा मला राग येतो. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफ कमांडनं कोणत्या सर्व्हिसनं धरलीय ते बघा आणि तेवढीच रीस्टार्ट करा. पुढच्या वेळी लॉग उडवू नका, ट्रंकेट कमांडनं आतून रिकामा करा आणि जुने लॉग आपोआप बाजूला काढणारं लॉगरोटेट लावा.

जागा दिसते तरी फाइल बनत नाही? लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला लागणारी नोंद, म्हणजे आयनोड, संपलेत का बघा. बारक्या फाइलींचा ढीग कुठंतरी साठलेला असतो.

एक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) रूट, म्हणजे मुख्य अॅडमिन खात्यासाठी, मुळात ५ टक्के जागा राखून ठेवते. सिस्टीमच्या पार्टिशनवर ती शून्य करू नका.

लग्नाचा व्हिडिओ रिकाम्या पेनड्राइव्हवर जात नाही? पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टीमचा आहे, ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल त्यात मावत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

१ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

विंडोजच्या आतल्या फाइलींचा विनएसएक्सएस फोल्डर हातानं कधीच उडवू नका. त्यासाठी डिस्क क्लीनअप आहे.