यीस्टच्या मायोसिसमध्ये कायनेज तपासताय? या चुका टाळा

मायोसिस म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं पेशीविभाजन, आणि कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं प्रथिन. सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे घड्याळ बघून निष्कर्ष काढणं. एसके१ जातीचं यीस्ट मायोसिससाठी पोटॅशियम ॲसिटेटमध्ये टाकलं की पाचेक तासांत जोडीतली गुणसूत्रं झिप१ प्रथिनाने सांधलेली दिसतात. पुढे सीडीसी५ हे कायनेज वाढलं की ती सांधणी सुटते. एखादं कायनेज बिघडवलेल्या म्युटंटमध्ये आठव्या तासालाही झिप१ दिसलं, की नवी मुलं लगेच लिहितात, 'हे कायनेज सांधणी मोडतं.' पेशी नुसत्या मागे पडल्या तरी हेच दिसतं! म्हणून मी दर तासाला थोड्या पेशी अल्कोहोलमध्ये ठेवते आणि डीएनए चमकवणारा डीएपीआय रंग लावून, विभाजन कुठवर आलं ते कळायला केंद्रकं मोजते. हे दहा मिनिटांचं काम टाळणाऱ्याचे आलेख मी वाचत नाही.

दुसरी चूक याहून फसवी. एका विद्यार्थ्याने सीडीसी७ हे कायनेज बंद करणारं औषध शून्याव्या तासालाच घातलं. झिप१ची एकही रेघ दिसेना. 'सांधणीला सीडीसी७ लागतं' असं पोस्टर छापूनही झालं. मी विचारलं, डीएनएचे तुकडे पडले होते का? ते कुणी बघितलंच नव्हतं. बघितलं, तर पडले नव्हते. सीडीसी७ मर२ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं. ते चढलं नाही तर स्पो११ हे प्रथिन डीएनए कापत नाही, आणि काप नसेल तर यीस्टमध्ये सांधणी होतच नाही. म्हणजे अडचण दोन पायऱ्या अलीकडची होती. उशिराचं काम तपासायचं असेल तर औषधही उशिरा घाला. त्याहून मला आवडणारा मार्ग म्हणजे पेशीला पुढे नेणारं एनडीटी८० जनुक काढून पेशी पॅकिटीनमध्ये, म्हणजे सांधणी पूर्ण झालेल्या टप्प्यात, थांबवणं आणि मग हवं ते कायनेज आपल्या हाताने चालू करणं. तिथे सीडीसी५ एकटं चालू केलं तरी सांधणी सुटताना दिसते. यात स्ट्रेन बांधायला वेळ जातो, तो जाऊ द्या.

बाकीच्या चुका थोडक्यात.

स्पोर (मायोसिसनंतर तयार होणाऱ्या बीजपेशी) होत नसतील तर आधी ग्लिसरॉलच्या प्लेटवर वाढवून बघा. मायटोकॉन्ड्रियाचं काम बंद पडलेलं यीस्ट तिथे वाढत नाही आणि मायोसिसही करत नाही. मी फ्रीजमधल्या जुन्या प्लेटवरून कधीच सुरुवात करत नाही.

फ्लास्क दहाव्या हिश्श्याहून जास्त भरू नका. हवा कमी पडते.

ग्लुकोज नीट धुऊन काढा.

झिप१चा एकच चमकदार गोळा डीएनएच्या बाजूला दिसला तर तो पॉलिकॉम्प्लेक्स, म्हणजे गुणसूत्रांबाहेर जमलेलं झिप१. त्याला सांधणी म्हणून मोजू नका.

औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं असेल, तर कंट्रोललाही तेवढंच डीएमएसओ घाला.