टॉर्शन बार बसवताना बारच्या अंगाला जपा

क्रायस्लर या अमेरिकन कंपनीने 1957 च्या मॉडेलांपासून पुढच्या सस्पेन्शनमध्ये कॉइल स्प्रिंगऐवजी लांब पोलादी टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, दिले. पुढे तिच्या व्हॅलियंट, डार्ट या गाड्यांमध्येही तीच मांडणी आली. बारची दोन्ही टोकं षटकोनी असतात. पुढचं लोअर कंट्रोल आर्ममध्ये (चाकाला धरणारा खालचा हात) बसतं, मागचं क्रॉसमेंबरच्या (गाडीखालचा आडवा तुळईसारखा भाग) अँकरमध्ये.

गाडी उचलून बॉडीच्या मजबूत भागाखाली स्टँड लावा, चाकं मोकळी लोंबू द्या. वरच्या आर्मचा रिबाउंड बंपर (आर्मला खाली जाताना अडवणारा रबरी ठोकळा) काढला की खालचा आर्म आणखी उतरतो. मग बारला पीळ देणारा ॲडजस्टिंग बोल्ट पूर्ण ढिला करा. पीळ गेल्याशिवाय पुढे काहीही करायचं नाही, त्या बारमध्ये हाड मोडेल एवढी ताकद असते. मागची स्नॅप रिंग (बारला जागेवर अडवणारी खाचेतली कडी) काढली की बार मागच्या बाजूने सरकतो. अडकला तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबा. गॅसने तापवू नका, पोलादाचं पाणी उतरतं. पाइप पानाही लावू नका. बारला मऊ अस्तराचा क्लॅम्प आवळा आणि ठोके क्लॅम्पवर द्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. बार पिळला जातो तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर येतो, म्हणून तडा तिथूनच सुरू होतो. बार पुसून उजेडात धरा आणि नख लांबीच्या दिशेने हळूहळू सरकवत न्या. बारीक ओरखडा असेल तर पॉलिश पेपरने लांबीच्याच दिशेने घासून काढा, वर गंजरोधक रंग द्या. खोल खाच किंवा गंजाचे खड्डे दिसले तर तो बार वापरू नका. त्यावर माझी तडजोड नाही.

टोकावर एल किंवा आर कोरलेलं असतं. डावा-उजवा बदलू नका, कारण कारखान्यात प्रत्येक बार त्याच्या कामाच्या दिशेने आधी पिळून घेतलेला असतो. जाड बार निवडतानाही भान ठेवा. व्यास 10 टक्के वाढला की कडकपणा सुमारे 46 टक्के वाढतो. ॲडजस्टिंग बोल्ट फिरवून मात्र फक्त गाडीची उंची बदलते, कडकपणा नाही.

दोन्ही बाजूंची षटकोनी भोकं साफ करा, ग्रीस भरा. बार मागून आत घालताना रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारं टोपण) आधीच बारवर चढवा, तोंड मागे. आर्म पूर्ण खाली असू द्या. घुसत नसेल तर आर्म थोडा वर-खाली हलवा, हातोडी नको. स्नॅप रिंग खाचेत पूर्ण बसली का, ते बोटाने चाचपून बघा. बूटात ग्रीस भरून तो अँकरवर ओढा, रिबाउंड बंपर परत लावा आणि बोल्ट आवळून बारवर भार घ्या.

उंची सपाट जमिनीवरच मोजायची. बोल्ट फिरवायला प्रत्येक वेळी चाकं उचला, खाली आणल्यावर गाडीचा पुढचा बंपर दाबून गाडी दोन-चारदा हलवा, मगच माप घ्या. डाव्या-उजव्यात 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. लोअर आर्म ज्यावर फिरतो तो पिव्होट नट शेवटी, गाडीचं वजन चाकांवर असताना आवळा. हवेत आवळलात तर तिथल्या बुशचं (सांध्यातल्या नळीचं) रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. उंची बदलली म्हणजे कॅम्बरही (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो, तेव्हा त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या.