व्हीएमला ऑफिसच्या लॅनमध्ये आणायचं तर ब्रिज कसा बांधायचा

माझ्या भावाच्या सीए ऑफिसातल्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आहे आणि त्यात केव्हीएमवर, म्हणजे लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीन चालवायच्या सोयीवर, एक विंडोज व्हीएम (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) चालतं. टॅलीचा डेटा त्या व्हीएमच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतो, म्हणून ते बाकीच्या टेबलांवरून दिसायलाच हवं. लिबव्हर्टचं (व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं) डिफॉल्ट नेटवर्क नॅटचं असतं, म्हणजे व्हीएम डेस्कटॉपच्या पत्त्यामागे लपतं. व्हीएमला 192.168.122 ने सुरू होणारा पत्ता मिळतो, आतून इंटरनेट चालतं, पण लॅनवरून आत शिरता येत नाही. इथे ब्रिज लागतो.

एक गोष्ट आधी पक्की करा: ब्रिज म्हणजे कर्नलमधला स्विच. नेटवर्क कार्ड त्या स्विचचं नुसतं एक पोर्ट होतं, त्यामुळे होस्टचा (व्हीएम ज्यावर चालतं त्या डेस्कटॉपचा) आयपी आता कार्डावर नाही, ब्रिजवर राहतो. दोन्हीकडे आयपी ठेवला की सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

केबल लावलेलं कार्डच घ्या. वायफायवर हे जमत नाही, कारण ॲक्सेस पॉइंट फक्त जोडलेल्या कार्डाचाच मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) स्वीकारतो, त्यामागच्या व्हीएमचा नाही. आणि काम मशीनसमोर बसूनच करा; एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून) केलंत तर मधेच कनेक्शन तुटेल.

टर्मिनलमध्ये रूट म्हणून एनएमटीयूआय (nmtui, नेटवर्कमॅनेजर या नेटवर्क सांभाळणाऱ्या सेवेचा सेटिंगचा मेनू) उघडा. डेबियनवर कार्डाचं नाव इंटरफेसेस फाइलमध्ये (/etc/network/interfaces) असेल तर नेटवर्कमॅनेजर त्या कार्डाला हात लावत नाही, म्हणून त्या ओळी आधी काढा. मग नवीन कनेक्शन, प्रकार ब्रिज, डिव्हाइसचं नाव बीआर0 (br0). त्याच्याच खाली इथरनेट पोर्ट जोडा आणि आपल्या कार्डाचं नाव द्या. आयपीव्ही4 मॅन्युअल करून होस्टचा पत्ता, गेटवे आणि डीएनएस इथेच भरा.

त्याच पानावर एसटीपीचा (नेटवर्कमधले लूप टाळणाऱ्या प्रोटोकॉलचा) चौकोन दिसेल. तो चालू असला की पोर्ट आधी 15 सेकंद ऐकतं, मग 15 सेकंद शिकतं, आणि तोवर काहीच पुढे जात नाही. एकच ब्रिज, एकच केबल असेल तर लूप होण्याचा प्रश्न नाही. मी तो बंद करते.

जुन्या वायर्ड प्रोफाइलचं आपोआप जोडणं बंद करा, नाहीतर रीबूटनंतर कार्ड तेच बळकावू शकतं. आता नवीन इथरनेट पोर्टचं प्रोफाइल सुरू करा. ब्रिज त्याच्यासोबत उठतो.

व्हर्ट-मॅनेजरमध्ये (व्हीएम सांभाळायच्या खिडकीवाल्या प्रोग्रॅममध्ये) व्हीएम बंद करून त्याच्या नेटवर्क कार्डाचा सोर्स "ब्रिज डिव्हाइस" करा आणि नाव बीआर0 द्या. विंडोजमध्ये व्हर्टआयओचे (व्हीएमसाठी बनवलेल्या वेगवान आभासी कार्डाचे) ड्रायव्हर नसतील तर मॉडेल ई1000ई ठेवा. व्हीएम सुरू झाल्यावर राउटरकडून पत्ता मिळाला पाहिजे. तो राउटरवर व्हीएमच्या मॅक पत्त्याला बांधून टाका; केव्हीएमचे मॅक बहुधा 52:54:00 ने सुरू होतात, त्यामुळे राउटरच्या यादीत चटकन सापडतात.

पत्ता मिळालाच नाही आणि त्याच मशीनवर डॉकर (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) असेल, तर ब्रिजला दोष देण्याआधी फायरवॉल बघा. व्हीएमला हाताने स्थिर आयपी देऊन पिंग करा. होस्ट उत्तर देतो पण राउटर देत नाही, असं झालं तर कारण बहुतेक हेच. डॉकर फायरवॉलच्या फॉरवर्ड चेनची (पुढे जाणाऱ्या पाकिटांच्या नियमांच्या यादीची) पॉलिसी 'ड्रॉप', म्हणजे नियमात नसलेलं सगळं टाकून द्या, अशी ठेवतो, आणि कर्नलचं बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोड असलं की ब्रिजवरून जाणारी पाकिटंही त्याच चेनमधून जातात. ती पॉलिसी सरसकट खुली करू नका. आपल्या नियमांसाठी असलेल्या डॉकर-यूझर (DOCKER-USER) चेनमध्ये एकच नियम घाला: बीआर0 मधून येऊन बीआर0 मधूनच बाहेर जाणारं सगळं स्वीकारायचं. नियम रीबूटनंतरही टिकेल अशा रीतीने साठवा.

शेवटी विंडोजमध्ये नेटवर्कचा प्रकार प्रायव्हेट करा. पब्लिक राहिला तर ब्रिज ठीक असूनही शेअर केलेला फोल्डर दुसऱ्या टेबलावरून उघडणार नाही.