पुढची साथ आली तर गावाला नियम कसे सांगायचे (खान्देशवाल्यांसाठी)

हे लिहितोय ते ज्यांचं नाव न विचारता गावाच्या कमिटीत टाकलं जातं त्यांच्यासाठी. जिल्हा परिषदेचे मास्तर, आशाताई, पोलीस पाटील, मंडळाची पोरं, आणि तो एक जिभाऊ ज्याच्याकडे बघून सगळे म्हणतात की तू सांग ना, तुझं ऐकतात. २०२० मध्ये वरून पत्र यायचं, आपण स्पीकरवर वाचायचो, आणि निम्मं गाव "माले काय व्हस नई" म्हणत पारावर बसलेलं असायचं. परत तसं करायचं नसेल तर साथ नसतानाच हे वाचून ठेवा.

पहिलं काम, "आपले लोक ऐकतच नाहीत" हे वाक्य मीटिंगमधून बंद करा. सगळे नियम निमूट ऐकणारा समाज जगात कुठंच नाही. स्वीडनने २०२० ला आपल्यासारखा लॉकडाऊन लावलाच नाही, बरंचसं सल्ल्यावर चालवलं, लहान पोरांच्या शाळा चालू ठेवल्या, कारण तिथं सरकारी खात्यावर लोकांचा भरवसा जुना आहे, तरी पहिल्या वर्षी शेजारच्या नॉर्वे-फिनलंडपेक्षा तिथं जास्त माणसं गेली, वृद्धाश्रमांत तर फारच. जपानने ७ एप्रिल २०२० ला टोकियो आणि आणखी सहा प्रांतांत आणीबाणी लावली पण घराबाहेर पडला म्हणून दंड नव्हता, शेजारी काय म्हणतील या धाकाने पण बरेच जण घरात बसले. आता आपल्या गावात बघा, सरकारवर भरवसा ठेवणारा आणि शेजाऱ्याला घाबरणारा एकाच गल्लीत राहतो, आणि त्यांच्या मधल्या घरात तिसरा राहतो जो फक्त भाऊबंदकीतल्या मोठ्या माणसाचं ऐकतो. एकच कागद तिघांना वाचून दाखवला तर तिघांपैकी एकालाच लागू पडेल.

नियम आला की आधी बघा तो कशाला हात लावतो

कागद हातात आला की लगेच स्पीकर चालू करू नका. कमिटीतले चार जण बसा आणि प्रत्येक नियमापुढे लिहा की हा कोणाची काय गोष्ट हिसकावतो. रोजी? मान? देव? मयताचं कार्य? का नुसती सवय?

मास्कचंच घ्या. आपल्याकडे हा सोपा नियम आहे, एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला ४४-४५ च्या उन्हात तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय गाडीवर कोण निघतं? सवय आधीचीच आहे, फक्त बंद खोलीत शिरल्यावर पण तो काढू नको आणि रुमालापेक्षा चांगला मास्क बरा एवढंच सांगायचं राहतं. अमेरिकेत मात्र १९१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मास्कच्या विरोधात चक्क संघटना उभी राहिली होती, कारण तिथं तो काहींना स्वातंत्र्याचा प्रश्न वाटला. तैवानमध्ये वेगळीच अडचण, तिथं मास्क आरोग्य विम्याच्या कार्डावर वाटून मिळायचे, रंग निवडता यायचा नाही, आणि काही पोरं गुलाबी मास्क घालून शाळेत जायला लाजायला लागली. तर एप्रिल २०२० मध्ये तिथले आरोग्यमंत्री आणि सोबतचे अधिकारी सगळेच्या सगळे गुलाबी मास्क लावून पत्रकार परिषदेत बसले. कोणाला रागावले नाहीत, भाषण नाही, विषय संपला. आपल्याकडे हे काम सरपंचाने आणि गावातल्या पैलवानाने करायचं. सरपंच हनुवटीवर मास्क ठेवून भाषण देत असेल तर तो फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला असतो आणि मग तुम्ही कितीही ओरडा.

लग्नाचा नियम मानाला हात लावतो. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने २५ माणसं आणि दोन तास असं ठरवलं होतं, मोडलं तर ५० हजार दंड. आपल्याकडे २५ म्हणजे नुसती मामाकडची मंडळी! इथं लोकांना आजाराची भीती कमी आणि "आम्हाले बलावं नई" हे ऐकायची भीती जास्त. म्हणून नवरदेवाच्या बापाच्या डोक्यावरचा तो दोष तुम्ही उचला. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र काढा की अमुक तारखेपर्यंत कमिटीने जास्त माणसांना मनाई केलीय, ते पत्र तो सगळ्या नातेवाईकांना फॉरवर्ड करेल आणि मनातून तुम्हाला दुवा देईल, वरण-बट्टीचा खर्च वाचला तो वेगळा. हळद-टाळी मंगल कार्यालयाऐवजी खळ्यात नाहीतर शेतात घ्यायला लावा, हवेतून पसरणारा आजार असेल तर मोकळ्यावर धोका पुष्कळ कमी होतो.

मयताचा विषय

इथं घाई करू नका. माझ्या मते कोरोनात आपण सगळ्यात जास्त माणसं दुखावली ती इथं. प्लास्टिकमध्ये बांधलेला देह, तोंड बघायला मिळालं नाही, दारावर कोणी आलं नाही, गंधमुक्तीला घरचेच चार जण. त्यातून पुढे झालं काय, की लोक आजारी माणसाला दवाखान्यात न्यायलाच घाबरायला लागले, नेलं की परत दिसणार नाही म्हणून. आणि मग लपवालपवी.

पश्चिम आफ्रिकेत २०१४ मध्ये इबोला आला तेव्हा हेच घडलं होतं, आणि तिथून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. गिनी, सिएरा लिओन, लायबेरियात मयताला घरच्यांनी धुवायचं, हात लावून निरोप द्यायचा अशी रीत, आणि इबोला तर मेलेल्या माणसाच्या अंगावरून सर्रास पसरतो. सुरवातीला पांढऱ्या सूटमधली माणसं यायची, देह उचलून न्यायची, घरच्यांना कुठे पुरलं ते पण नीट कळायचं नाही. लोक रात्री चोरून पुरायला लागले. गिनीत सप्टेंबर २०१४ मध्ये एका गावात माहिती सांगायला गेलेल्या टीममधली आठ माणसं जमावाने मारून टाकली. मग नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पद्धत बदलली, नाव दिलं सुरक्षित आणि सन्मानाने दफन. नियम तोच, देहाला हात लावायचा नाही. पण घरच्यांना आधी विचारायचं, इमाम नाहीतर पाद्री बोलवायचा, मुसलमानांच्या मयताला पाण्याच्या ऐवजी कोरडा विधी आणि पांढरं कफन, घरच्यांनी लांबून बघायचं, प्रार्थना म्हणायची, कबरीवर नाव. तेव्हा कुठे लोक स्वतःहून फोन करून कळवायला लागले.

आपल्याकडे हे असं करा. गावात पहिला मृत्यू व्हायच्या आधीच, हो आधीच, प्रत्येक समाजातला एक जाणता माणूस बोलवून विचारा की बाबा तुमच्यात कुठली गोष्ट सुटली तर चालतच नाही आणि कुठली पुढे ढकलता येते. उत्तरं वेगवेगळी येतील. कोणाला तोंड बघणं पाहिजे, कोणाला खांदा, कोणाला फक्त मोठ्या पोराच्या हातून अग्नी, कोणी म्हणेल अस्थी नर्मदेला नेल्याच पाहिजेत मग महिन्याने का होईना. जे डॉक्टर म्हणतात चालेल ते पक्कं करा, तोंड लांबून दाखवणं बहुतेक वेळा जमतं. दारावर येणारे एकदम न येता गल्लीवार, अंगणात, बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, डोळ्यात डोळे घालून निघायचं. बाया ओसरीत गळ्यात पडून रडतात ते थांबवायला पुरुषांना पाठवू नका, तिथं आशाताई किंवा घरातली मोठी सून पाहिजे. आणि "साथ गेल्यावर सगळ्यांचं मिळून कार्य करू" असा शब्द दिला तर तो पाळा, पुढारी देतात तसा देऊ नका.

कोण बोलणार

सातपुड्यात जाऊन शुद्ध मराठीत सूचना वाचणं म्हणजे आकाशवाणी. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी, भिली, नवापूरकडे मावची बोलणारी माणसं, इकडे खाली अहिराणी. दोन मिनिटांची ऑडिओ क्लिप बनवा, गावातल्याच माणसाच्या आवाजात, शक्यतो ज्याला आजार होऊन तो बरा होऊन आला त्याच्या. पुजारा, कारभारी यांना आधी भेटा, सभेत सगळ्यांसमोर अंधश्रद्धा वगैरे भाषण ठोकू नका, त्यांचा अपमान झाला की पाडाच्या पाडा बंद. त्यांना एवढंच मागा, पूजा करा पण ताप आलेल्याला त्याच दिवशी आमच्याकडे पण पाठवा.

नंदुरबारला त्या काळात कलेक्टर होते डॉ. राजेंद्र भारूड, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले, आणि स्वतः डॉक्टर. ऑक्सिजन प्लांटमुळे त्यांचं नाव देशभर झालं, पण माझ्या मते आपला माणूस सांगतोय याचं वजन पण तितकंच होतं. आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडीताई रेलू वसावे. कोरोनाच्या भीतीने नर्मदेकाठच्या पाड्यांवरच्या बाया अंगणवाडीत यायच्या बंद झाल्या, तर ही बाई कोळ्याची छोटी होडी घेऊन स्वतः वल्हवत त्यांच्याकडे जायला लागली, बाळांची वजनं करायला आणि गरोदर बायांना बघायला. लोक येत नाहीत म्हणून रिपोर्टमध्ये "प्रतिसाद नाही" लिहून मोकळं होता आलं असतं ना. जी रोज दारात येते तिने सुई घे म्हटलं तर लोक निदान ऐकून तरी घेतात.

मुसलमान मोहल्ल्यात, मग ते धुळे असो की शेजारचं मालेगाव, आधी मौलानांकडे जा आणि कागद-पेन घेऊन एकदम सर्व्हेला शिरू नका. २०२० मध्ये एनआरसीचं, म्हणजे नागरिकत्वाच्या नोंदणीचं, वातावरण ताजं होतं, नाव-गाव विचारणारा कोणी आला की संशय यायचा, त्यात टीव्हीवाल्यांनी आणखी तेल ओतलं. मौलानांना नवीन काही शिकवायची पण गरज नसते, ज्या मुलखात साथ आहे तिथं जाऊ नका आणि तुम्ही तिथं असाल तर बाहेर पडू नका, ही हदीस त्यांना पाठ असते. २०२० ची हज पण सौदीने साधारण हजारभर माणसांत केली होती, हे उदाहरण चालतं. उत्तर प्रदेशात पोलिओच्या डोसाला असाच विरोध होता, तिथले इमाम आणि गल्लीतल्या बाया सोबत घेतल्या तेव्हा दारं उघडली, आणि देशातली पोलिओची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ला नोंदली गेली.

देव, सण, बाजार

"कानबाई बंद" असं कधीच लिहू नका. "यंदा रोट ज्याच्या त्याच्या घरी, विसर्जनाला घरटी एक माणूस" असं लिहा. २०२० ला अक्षय तृतीया २६ एप्रिलला कडक लॉकडाऊनमध्ये आली, लेकींना माहेरी येता आलं नाही तरी घागर घरोघर भरलीच की. आषाढीला पायी वारी थांबली पण मानाच्या पालख्या एसटीत बसून मोजक्या वारकऱ्यांसोबत पंढरपूरला गेल्या. सण पूर्ण मोडला असं कोणाला वाटलं नाही पाहिजे, एक धागा राहू द्या.

आठवडे बाजार आणि होळीच्या आधीचा भोंगऱ्या, हे मात्र सरसकट बंद केले तर पाड्यावरच्या माणसाचं मीठ-तेल बंद होतं. शाळेच्या मैदानावर फक्कीने चौकोन आखा, दुकानं लांब लांब, शक्य तर दोन दिवसांत विभागून. बस.

वेगळं ठेवायचं तर कुठे

प्लेगच्या काळात आपले पणजोबा-खापरपणजोबा गाव सोडून मळ्यात झोपड्या टाकून राहायचे, म्हाताऱ्या माणसांना अजून त्या ऐकीव गोष्टी माहीत आहेत. त्यांच्याच तोंडून सांगायला लावा. क्वारंटाईन सेंटर म्हटलं की जेल वाटतं, "मळ्यात राहा दहा दिवस" म्हटलं की माणूस तयार होतो. पण तिथं लाईट, पाणी, डबा पोचवणारा, आणि ऑक्सिमीटर पाहिजे. कोरोनासारखा आजार असेल आणि आकडा ९४ च्या खाली आला तर मळा विसरा, दवाखाना.

गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या आठवतं ना. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी पण २०२० मध्ये आपल्या भागातले रस्ते स्वतः अडवले, कारण १९१८ च्या साथीत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट होतं आणि ते घरोघर आठवणीत होतं. त्यांनी नाक्यावर माणसं बसवली, येणाऱ्याला विचारपूस, म्हाताऱ्यांना सामान पोचवणं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नुसत्या काट्या, त्यात अँब्युलन्स पण अडकायची. आणि सुरतहून आलेला आपलाच पोरगा जीजे पासिंगची गाडी बघून शिवेबाहेर. जपानमध्ये पण बाहेरच्या प्रांताच्या नंबर प्लेटच्या गाड्यांना लोकांनी त्रास दिला होता म्हणे तर ही खोड एकट्या आपली नाही, पण तुमच्या नाक्यावर ती चालू देऊ नका. येणाऱ्यासाठी शाळेची खोली आणि जेवण तयार असेल तर तो सांगून येईल, नसेल तर रात्री शेतातून येईल.

दंडुका कधी

१८९७ चा पुण्याचा प्लेग. सोल्जर घरात घुसून माणसं तपासायचे, सामान बाहेर फेकायचे, देवघर आहे हे पण बघायचे नाहीत. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेगचा बंदोबस्त बघणाऱ्या इंग्रज अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षीचा साथरोग कायदा आपण २०२० मध्ये पण वापरला, तेव्हा पोलीस बोलावण्याआधी थोडं थांबा. जो शंभर माणसं जमवून पैसे कमावतोय, मंगल कार्यालयवाला, कोचिंगवाला, त्याला दंड लावा, खुशाल लावा. मजुरीला निघालेल्याला उठाबशा काढायला लावायच्या नाहीत आणि त्याचा व्हिडिओ तर अजिबात काढायचा नाही.

अफवांना पण पोलीस नको. "दवाखान्यात किडनी काढतात" असं सुरू झालं की दाखल झालेल्या पेशंटचा रोज संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल होईल एवढी सोय करा, ग्रुपवर शंभर खुलासे टाकण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडतो. गावात दोन-तीन जण शेवटपर्यंत ऐकणार नाहीत, पारावर त्यांच्याशी वाद घालून त्यांना प्रेक्षक मिळवून देऊ नका, त्यांच्या घरातल्या बाईशी बोला. आणि नियम उठला की तो उठलाय हे पण त्याच स्पीकरवरून त्याच दिवशी सांगा, काट्या उचला, जुने बोर्ड काढा, नाहीतर पुढच्या वेळी खरा बोर्ड लावला तरी कोणी वाचणार नाही.