हवाई बेटांवरचा वारा, पाऊस आणि लाटांचा अंदाज कसा वाचावा

हवाईत हवामान विचारायचे ते बेटाच्या बाजूचे. हवाई याच नावाच्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, हिलोत, धो धो पाऊस पडत असताना त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कावाइहाएत, कडक ऊन असते. हिलोत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, कावाइहाएत जेमतेम २५०. त्यामुळे फोनवर दिसणाऱ्या ढग-सूर्याच्या चित्रावर दिवस आखू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या होनोलुलू कार्यालयाचा अंदाज उघडावा आणि तो खालील क्रमाने वाचावा.

१. आधी वारा

अंदाजातली दिशा ही वारा जिथून येतो ती दिशा असते. पूर्व किंवा ईशान्य लिहिले असेल तर ते व्यापारी वारे. मे ते सप्टेंबर ते बहुतेक रोज वाहतात. हिवाळ्यात मधूनमधून खंडित होतात. हे वारे चालू असले की सरी ईशान्येकडच्या उतारांवर पडतात, त्याही जास्त करून रात्री आणि पहाटे. साधारण दोन किलोमीटर उंचीवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. ढग त्याच्या वर जाऊ शकत नाहीत, म्हणून सरी आखूड असतात आणि माउई बेटावरच्या ३,०५५ मीटर उंच हालेआकाला डोंगराचा माथा बऱ्याचदा ढगांच्या वर कोरडा राहतो.

वेग १० नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) खाली गेला की गणित बदलते. सकाळ स्वच्छ जाते, दुपारी समुद्रावरून येणारा वारा आतल्या भागात ढग जमवतो आणि तिथेच पाऊस पडतो. डोंगरवाटेवर जायचे असेल तर अशा दिवशी सकाळी लवकर निघून दुपारच्या आत खाली उतरावे. वारा आग्नेयेकडून असेल आणि किलाउएआ ज्वालामुखी वायू सोडत असेल, तर ‘व्हॉग’ म्हणजे ज्वालामुखीचे धुरके ओआहू बेटापर्यंतही पोहोचते. दमा असलेल्यांनी आग्नेय दिशा दिसताच सावध व्हावे.

दक्षिण किंवा नैऋत्य लिहिले असेल तर तो ‘कोना’ वारा. हा मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिलमधला. एरवी कोरड्या असणाऱ्या किनाऱ्यांवर तेव्हा मुसळधार पाऊस होतो. हिवाळ्यातले थंड हवेचे पट्टे मात्र वायव्येकडून येतात. ते आधी वायव्य टोकाच्या काउआई बेटाला भिडतात आणि मग साखळीच्या आग्नेय टोकाकडे सरकतात. काउआईला काय होते आहे ते बघितले की पुढच्या बेटांवर काय येणार याची बरीच कल्पना येते.

२. पावसाचे इशारे

‘वॉच’ म्हणजे पूर येण्याजोगी स्थिती, ‘वॉर्निंग’ म्हणजे पूर आलाय किंवा येऊ घातलाय. इथले ओढे आखूड आणि तीव्र उताराचे आहेत. किनाऱ्यावर ऊन असले तरी डोंगरातल्या पावसाने पाणी काही मिनिटांत चढते. काउआईवरच्या वाइपा इथे एप्रिल २०१८ मध्ये २४ तासांत १,२६२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ओढा गढूळ झाला किंवा त्यात पाने-काटक्या वाहू लागल्या की तो ओलांडू नये, पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबावे. समुद्र तपकिरी दिसत असेल तर त्यातही उतरू नये. मलमूत्र आणि रसायने त्याच पाण्यातून वाहून येतात.

३. लाटा: उंचीआधी कालावधी

सर्वांत जास्त चुका इथे होतात. समुद्रातल्या बोयाच्या (लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राच्या) नोंदीत ‘१.२ मीटर’ वाचून लोक निर्धास्त होतात आणि शेजारचा १८ सेकंदांचा आकडा बघतच नाहीत. लागोपाठच्या दोन लाटांमधले हे वेळेचे अंतर, म्हणजे कालावधी, जितके जास्त, तितकी लाटेची ऊर्जा खोलवर गेलेली असते. हवाईभोवती रुंद उथळ पट्टा नाही, त्यामुळे ती ऊर्जा वाटेत फारशी खर्च न होता थेट खडकांवर येते आणि लाट बोयाच्या आकड्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही उंच उठते. ६ ते ९ सेकंदांच्या लाटा जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या, खळबळीच्या असतात.

लाट कधी पोहोचेल हे स्वतः काढता येते. कालावधीला दीडने गुणा. येणारा आकडा म्हणजे लाटांच्या गटाचा नॉटमधला वेग. ५१००१ हा बोया काउआईच्या वायव्येला सुमारे १९० सागरी मैलांवर आहे. तिथे १६ सेकंद दिसले तर वेग २४ नॉट, म्हणजे काउआईला साधारण आठ तास आणि ओआहूच्या उत्तर किनाऱ्याला आणखी तीन-चार तास. लांब कालावधीच्या लाटा आधी पोहोचतात, म्हणून सकाळी शांत दिसलेला किनारा दुपारी खवळलेला सापडतो.

मग दिशा. वायव्येच्या मोठ्या लाटा ऑक्टोबर ते एप्रिल उत्तर किनाऱ्यांवर, दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लाटा उन्हाळ्यात वाइकीकीसारख्या दक्षिण किनाऱ्यांवर. बेटे एकमेकांना आडोसाही देतात: लाट पश्चिमेकडे जितकी झुकलेली, तितकी माउईच्या उत्तर किनाऱ्यावर ती कमी पोहोचते, कारण मध्ये मोलोकाई येते.

उंची वाचताना एक सांभाळा. हवामान सेवा लाटेच्या पुढच्या दर्शनी भागाची पूर्ण उंची फुटांत देते. स्थानिक सर्फर साधारण त्याच्या निम्मा आकडा बोलतात. त्यांचे ‘६ फूट’ म्हणजे १२ फुटांची भिंत. उत्तर किनाऱ्यांसाठी १५ फुटांना ‘ॲडव्हायझरी’ (सावधगिरीची सूचना) आणि २५ फुटांना ‘वॉर्निंग’ लागते, पण सवय नसलेल्याला त्याच्या कितीतरी आधीच पाण्यापासून दूर राहावे लागते.

४. नावेने जाणार असाल तर

दोन बेटांमधल्या खाड्यांत वारा दाटून वेगाने वाहतो. माउई आणि हवाई बेटांमधली आलेनुइहाहा त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. ‘स्मॉल क्राफ्ट ॲडव्हायझरी’ असेल तर लहान नाव काढू नये.

५. किनाऱ्यावर पोहोचल्यावर

पाण्यात उतरण्याआधी किमान २० मिनिटे समुद्र बघा. मोठ्या लाटा गटाने येतात आणि दोन गटांमध्ये पाणी इतके शांत असते की फसायला होते. खडक ओला असेल, तर लाट तिथवर येते असे समजून मागे उभे राहा. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा गुळगुळीत, न फुटणारा दिसला तर तिथून पाणी आत ओढले जात असते. पोहायला तो सोपा वाटतो, पण तिथूनच लोक वाहून जातात. उतरण्याआधी जीवरक्षकाला विचारा, आणि जिथे जीवरक्षक नाही तिथे उतरू नका.