धंद्याच्या क्रेडिट कार्डावर विमानाचे पॉइंट जमवताय? या चुका टाळा

दोन लाखांचा ॲडव्हान्स टॅक्स कार्डाने भरला तर पॉइंट किती मिळतील, हे बहुतेक व्यावसायिक पटकन सांगतात. ते पॉइंट मिळवायला खिशातून किती गेले, हे मात्र फार थोडे जण मांडून बघतात. म्हणून आधी तोच हिशेब करू.

समजा तुमच्या बिझनेस कार्डावर दर १५० रुपयांना ४ पॉइंट आहेत. बँकेच्या ट्रॅव्हल पोर्टलवर विमानाच्या तिकिटासाठी एक पॉइंट ५० पैशांना चालतो आणि बिलात वळता करून घेतला तर २० पैशांना. (बँकेगणिक आकडे वेगळे असतात, तुमच्या कार्डाचे घालून बघा.) दोन लाखांवर १,३३३ वेळा ४, म्हणजे ५,३३२ पॉइंट. तिकिटात त्यांचे २,६६६ रुपये होतात, बिलात वळते केले तर १,०६६. आता खर्चाची बाजू. पेमेंट गेटवेने (ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपनीने) १ टक्का शुल्क घेतलं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागला, तर २,३६० रुपये गेले. तिकीट काढलं तर हातात ३०६ रुपये उरले. बिलात वळते केले तर १,२९४ रुपयांचा तोटा. आणि तुमच्या बँकेने कर भरण्याला पॉइंटमधून वगळलं असेल, तर पूर्ण २,३६० रुपये पाण्यात.

प्रत्येक पॉइंटची अशी एक खरेदी किंमत असते. वरच्या उदाहरणात ती ४४ पैसे पडली. खाली दिलेली जवळजवळ प्रत्येक चूक ही किंमत न बघितल्यामुळेच होते.

दोन टक्के देऊन सव्वा टक्का कमावणं

घाऊक बाजारात कार्ड पुढे केलं की दुकानदार म्हणतो, "कार्डावर दोन टक्के वर लागतील." कार्ड मशीनचं शुल्क तो तुमच्याकडून काढून घेतो. वरच्या कार्डावर तिकिटाच्या भावाने धरलं तरी १.३३ टक्केच परत येतात. इथे यूपीआय किंवा एनईएफटी करा आणि पुढे चला.

याहून मोठी गळती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तुमचा पुरवठादार आठ-दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के कॅश डिस्काउंट देत असतो. कार्डाने पैसे दिले की तो ही सूट देत नाही, कारण त्याचेही मशीनचे पैसे कापले जातात. स्टेटमेंटवर हा तोटा कुठेच दिसत नाही. म्हणून मोठ्या पुरवठादारांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे तीन रकाने करा: कार्ड घेतो का, वर किती लावतो, रोखीची सूट किती सोडावी लागते. ज्यांच्यापुढे शेवटच्या दोन रकान्यांत शून्य आहे, तेवढीच बिलं कार्डावर न्या. पॅकिंगचं सामान, कुरिअर, सॉफ्टवेअर, जाहिराती, ऑफिसचं साहित्य, विमान-रेल्वेची तिकिटं ही बिलं बहुतेक यात बसतात.

शुल्क देऊनही कार्ड वापरावं असा एक प्रसंग असतो. वर्षभरात ठरावीक खर्च केला की वार्षिक फी माफ किंवा एकरकमी बोनस पॉइंट, असा टप्पा असतो आणि शेवटच्या महिन्यात थोडेच हजार कमी पडत असतात. तेव्हा कमी पडणारी नेमकी रक्कम भरा. मात्र कर, विमा, इंधन असे खर्च त्या टप्प्यात मोजले जातात का, हे आधी बँकेकडून लेखी घ्या. बऱ्याच कार्डांत ते मोजले जात नाहीत.

दुकानाचा कोड न तपासणं

पॉइंट मिळणार की नाही, हे तुम्ही काय विकत घेतलं यावर ठरत नाही. समोरच्याचं मशीन कोणत्या कोडखाली नोंदलेलं आहे, यावर ते ठरतं. या चार आकडी कोडला एमसीसी म्हणतात. पेट्रोल पंप ५५४१, विमा ६३००, भाडं ६५१३, कर ९३११, वीज-पाणी ४९००, वॉलेटमध्ये पैसे भरणं ६५४०. बँका वगळतात ते बहुतेक खर्च याच कोडांमधले असतात. काही बँका वीजबिलासारख्या खर्चावर महिन्याला ठरावीक रकमेनंतर १ टक्का शुल्कही लावतात. कारखान्याचं महावितरणचं बिल मोठं असेल तर आधी ती मर्यादा बघा.

गडबड होते ती इथे: एखाद्या हार्डवेअरवाल्याने मशीन घेताना भलताच प्रकार भरलेला असतो आणि तुमच्या ८० हजारांच्या मालावर शून्य पॉइंट येतात. नव्या पुरवठादाराकडे थेट मोठी रक्कम घासू नका. आधी हजार-पाचशेचा व्यवहार करा, पॉइंट जमा झालेले दिसू द्या आणि मग मोठं बिल भरा. काही बँकांच्या ॲपमध्ये व्यवहार उघडला की त्याचा प्रकार दिसतो, त्यावरूनही अंदाज येतो.

आणखी तीन ठिकाणी पॉइंट गळतात. खरेदी ईएमआयमध्ये वळवली की बहुतेक कार्डांवर पॉइंट मिळत नाहीत, मिळाले असतील तर परत जातात. माल परत केला तरी तसंच. आणि दहापट पॉइंटसारख्या जाहिरातींवर महिन्याची कमाल मर्यादा असते. ती संपली की उरलेला खर्च साध्या दराने मोजला जातो.

कार्डातून पैसे फिरवणं

लिमिट रिकामी आहे म्हणून स्वतःच्याच दुकानाच्या मशीनवर किंवा ओळखीच्या व्यापाऱ्याकडे कार्ड घासायचं, पैसे खात्यात घ्यायचे, पॉइंट ठेवायचे, असा सल्ला अजूनही दिला जातो. हे अजिबात करू नका. मशीनचं शुल्क पॉइंटच्या किमतीपेक्षा जास्त पडतं, हे तर आहेच. त्याशिवाय बिझनेस कार्डाचे पैसे कशासाठी वापरले जातात यावर लक्ष ठेवायची यंत्रणा उभारा, असं रिझर्व्ह बँकेने मार्च २०२४ मध्ये बँकांना सांगितलेलं आहे. गोल रकमा, तेच ते दुकान आणि दर महिन्याची तीच तारीख दिसली की कार्ड बंद होऊ शकतं आणि जमलेले सगळे पॉइंट जाऊ शकतात.

मध्यस्थ ॲपमार्फत पुरवठादाराला कार्डाने पैसे पाठवण्याचंही तसंच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने एका कार्ड नेटवर्कची अशी व्यवस्था थांबवायला लावली. त्यात कंपनीच्या कार्डातले पैसे आधी मध्यस्थाच्या खात्यात जात आणि तिथून कार्ड न घेणाऱ्या व्यापाऱ्याला आयएमपीएस, एनईएफटी किंवा आरटीजीएसने मिळत. २००७ च्या पेमेंट सिस्टीम कायद्याखाली त्यासाठी परवानगी लागते आणि ती घेतलेली नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये पेमेंट ॲग्रिगेटरांचे, म्हणजे व्यापाऱ्यांसाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांचे, नवे नियम आल्यावर अनेक ॲपनी कार्डाने गाळ्याचं भाडं भरण्याची सोय बंद केली. त्यामुळे वर्षाच्या पॉइंटचं गणित भाड्यावर उभं केलं असेल, तर ते आज नव्याने मांडा.

बिल पूर्ण न भरणं

पॉइंट सगळ्यात जास्त इथेच बुडतात. १,८०,००० रुपयांच्या स्टेटमेंटपैकी १,२०,००० भरले आणि ६०,००० पुढच्या महिन्यावर ढकलले असं धरा. दरमहा ३.६ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के. उरलेल्या ६०,००० वर व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं. ते सरासरी ६५ दिवस धरलं तर ४,६१६ रुपये. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. त्या महिन्यात आणखी १,२०,००० ची खरेदी झाली आणि तिच्यावर सरासरी १५ दिवस व्याज लागलं, तर २,१३० रुपये. दोन्ही मिळून त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण जवळजवळ ८,००० रुपये. आणि १,८०,००० च्या खरेदीवर मिळालेले ४,८०० पॉइंट तिकिटात २,४०० रुपयांचे.

हे नेहमी निष्काळजीपणामुळेच होतं असं नाही. बऱ्याचदा ऑटो डेबिट लावलेलं असतं, पण फॉर्म भरताना 'टोटल अमाउंट ड्यू'ऐवजी 'मिनिमम अमाउंट ड्यू'वर खूण झालेली असते. खात्यातून पाच-सात हजार गेल्याचा मेसेज येतो, बिल भरलं गेलं असं वाटतं आणि दोन महिन्यांनी स्टेटमेंटमध्ये 'फायनान्स चार्जेस'ची, म्हणजे व्याजाची, ओळ दिसते. आजच नेट बँकिंगमध्ये ही खूण तपासा.

तारखेचंही बघा. तुमची वसुली महिन्याच्या १० ते १५ तारखेला येत असेल आणि कार्डाचं बिल भरायची शेवटची तारीख ५ असेल, तर दर महिन्याला ओढाताण होणारच. बिलिंग सायकल (बिल कोणत्या तारखेला बनतं ते चक्र) किमान एकदा बदलून मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी दिला आहे, तो वापरा. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत उशीर झाला तर लेट फी लावता येत नाही. पण त्या सवलतीवर विसंबू नका.

प्रोप्रायटरी फर्मचं कार्ड बहुधा मालकाच्या पॅनवरच असतं आणि त्याच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवावी लागते. तीन लाखांच्या लिमिटवर अडीच लाख सतत वापरलेले दिसले, तर मशिनरीसाठी कर्ज मागायला जाल तेव्हा अडचण येते. सोपा उपाय म्हणजे स्टेटमेंट तयार होण्याच्या दोन-तीन दिवस आधीच मोठी रक्कम भरून टाकणं.

परदेशी बिलं

साध्या कार्डावर परकी चलनाच्या व्यवहारावर ३.५ टक्के मार्कअप (चलन बदलण्याचं बँकेचं शुल्क) आणि त्यावर जीएसटी मिळून ४.१३ टक्के जातात. इतके पॉइंट क्वचितच मिळतात. सॉफ्टवेअर किंवा क्लाउडचं बिल भारतातल्या कंपनीकडून रुपयांत मिळत असेल, तर तसं मागून घ्या. मात्र रुपयांत दिसतं म्हणजे शुल्क नाही, असं समजू नका. विक्रेता परदेशात नोंदलेला असेल तर रुपयांच्या व्यवहारावरही अनेक बँका १ टक्का लावतात. सिंगापूर किंवा दुबईच्या हॉटेलात मशीनने "रुपये की स्थानिक चलन?" विचारलं तर स्थानिक चलन निवडा.

सॉफ्टवेअर किंवा जाहिरातींचं दरमहा आपोआप कापलं जाणारं बिल १५,००० रुपयांच्या वर असेल, तर प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. तो हुकला की पेमेंट अडतं आणि ऐन मोसमात जाहिराती बंद पडतात.

पॉइंट चुकीच्या ठिकाणी खर्च करणं

एअरलाइनच्या खात्यात हलवलेले पॉइंट परत बँकेत येत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी एअरलाइनच्या साइटवर त्या तारखेला पॉइंटवरची सीट आहे का ते बघा, त्यावर रोखीने किती कर आणि अधिभार भरावा लागतोय ते बघा, बँकेचं ट्रान्सफर किती दिवस घेतं ते बघा आणि मगच पॉइंट हलवा. एअरलाइनच्या खात्यावरचं नाव कार्डावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही ट्रान्सफर फसतं. काही बँकांत वर्षाला किती पॉइंट हलवता येतात याचीही मर्यादा असते.

फार काळ साठवूही नका. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे पॉइंट दुसऱ्या योजनेत, दुसऱ्या दरांच्या तक्त्याखाली गेले. सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर माइल तीन वर्षांनी संपतात. वर्ष-दीड वर्षात वापरता येतील एवढेच जमवणं शहाणपणाचं.

प्रोप्रायटर असाल तर आणखी एक गोष्ट. धंद्याच्या कामाचं तिकीट पैशाने काढलं तर तो खर्च नफ्यातून वजा होतो आणि बुकिंग करताना जीएसटी क्रमांक टाकला असेल तर इकॉनॉमीच्या तिकिटावरच्या ५ टक्के जीएसटीचं क्रेडिटही (तो तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो) मिळतं. घरच्यांच्या सहलीचं तिकीट मात्र कर भरून उरलेल्या पैशातून येतं. म्हणून पॉइंट घरच्या तिकिटाला आणि पैसे कामाच्या तिकिटाला वापरले तर जास्त वाचतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर असं परस्पर करू नका. तिथे पॉइंट कंपनीच्या खर्चातून आलेले असतात, ते कुणी वापरायचे हे सीएला विचारून लिहून ठेवा.

हॉटेलचा जीएसटी वेगळा चालतो. सांगलीच्या फर्मचा माणूस कामासाठी पणजीत राहिला, तर बिलावर गोव्याचा कर लागतो आणि त्याचं क्रेडिट महाराष्ट्राच्या नोंदणीवर मिळत नाही. खोलीची पॉइंटमधली किंमत बघताना ती करासह पूर्ण रकमेशी ताडून बघा.

पॉइंट आलेच नाहीत तर

व्यवहार अजून 'पेंडिंग' आहे का ते आधी बघा, बिलात चढल्याशिवाय पॉइंट बसत नाहीत. मग दुकानाचा प्रकार, महिन्याची मर्यादा आणि ऑफरच्या तारखा तपासा. बोनस पॉइंट पुढच्या स्टेटमेंटनंतरही येतात, त्यामुळे ऑफरच्या अटींचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा. एवढं करूनही जुळत नसेल, तर बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपा. ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते.

कार्ड बंद करायचं ठरलं तर आधी सगळे पॉइंट वापरा किंवा हलवा, कारण कार्डासोबत ते सहसा जातात. मग बाकी शून्य करून अर्ज द्या. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं, नाही केलं तर त्यापुढे दर दिवसाचे ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे असतात.