परदेशातील संग्रहालये कशी पाहावीत: ठाणे-नवी मुंबईहून निघणाऱ्यांसाठी

ठाण्या-नवी मुंबईतून युरोपच्या सहलीला निघालेल्या कुटुंबाच्या हाती जो कार्यक्रम येतो, त्यात पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयासाठी बहुधा दोनच तास राखलेले असतात. तेथे सुमारे ३५ हजार कलाकृती मांडलेल्या आहेत. दोन तासांत त्या पाहून होणार नाहीत हे उघड असूनही बहुतेक जण दालनामागून दालन ओलांडत राहतात, आणि बाहेर पडल्यावर त्यांना मोनालिसासमोरची गर्दी तेवढी आठवते. काय पाहायचे आणि काय सोडायचे हे घरूनच ठरवून निघावे, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील सर्व सूचना त्या मताला धरूनच आहेत.

सुरुवात निवडीपासून करावी. दोन तासांसाठी सहा कलाकृती पुरेत. लहान मुले सोबत असतील तर चारच ठेवाव्यात. बहुतेक मोठ्या संग्रहालयांच्या अधिकृत संकेतस्थळांवर वस्तू नावाने शोधता येते आणि ती सध्या कोणत्या क्रमांकाच्या दालनात आहे, की प्रदर्शनात मांडलेलीच नाही, हेही तेथे नोंदलेले असते. ही नोंद पाहायला पाच मिनिटे लागतात, पण ती न पाहता गेल्यास हेलपाटा पडू शकतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखांचेच उदाहरण घ्या. ती पाहायची इच्छा अनेक मराठी पर्यटकांच्या मनात असते. परंतु जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणली गेली आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली, त्यामुळे या मुदतीत लंडनला जाणाऱ्याला ती तेथे दिसणार नाहीत. छत्रपती शिवाजी महाराजांनी अफजलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखे हीच, याची खातरजमा करता आलेली नाही, असे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय स्वतःच सांगते. वस्तूशेजारची माहितीपाटी पूर्ण वाचण्याची सवय लावून घ्यावी ती अशा कारणांसाठी.

त्यानंतरची तयारी मुंबईतच होते आणि तीच सर्वाधिक उपयोगी पडते. ठाण्याहून मध्य रेल्वेने किंवा वाशी-नेरुळहून हार्बर मार्गाने सीएसएमटीला उतरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापर्यंत चालत जाता येते. तेथे एखाद्या रविवारी प्राचीन इराकमधील असिरियन राजवाड्यांतील दगडी शिल्पपट आणि टाटा कुटुंबाच्या संग्रहातील युरोपीय चित्रे एवढेच पाहावे, पण घड्याळ लावून प्रत्येक वस्तूसमोर दहा मिनिटे थांबावे. मुले किती वेळाने कंटाळतात, आजी-आजोबांना बाक केव्हा लागतो, पाटी वाचायला आपल्याला किती वेळ लागतो, हे सगळे एका दुपारी समजते आणि त्यावरून परदेशातील दिवसाचा आराखडा खरा उतरतो. शिवाय लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असिरियन शिल्पपटांची दालनेच्या दालने आहेत. मुंबईत डोळा सरावलेला असेल तर तेथे गोंधळायला होत नाही. आधुनिक शिल्पाची ओळख करून घ्यायची असेल, तर सातारा जिल्ह्यातील औंधच्या श्री भवानी संग्रहालयात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे मूळ शिल्प आहे, हे आपल्याकडे अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता तिकीट आणि वार. लूव्हर मंगळवारी बंद असते, पॅरिसचेच ऑर्से सोमवारी, माद्रिदचे रेना सोफिया मंगळवारी आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन बुधवारी; टोकियोचे राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असते आणि त्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर मंगळवारी बंद राहते. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार मात्र विनामूल्य असतो, आणि त्या दिवशी इतकी गर्दी उसळते की ज्येष्ठांना घेऊन तेव्हा जाऊ नये. हे वार पाहूनच शहरांचा क्रम आणि हॉटेलचे आरक्षण ठरवावे. तिकीट संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावे, कारण शोध घेताना वर दिसणारी अनेक संकेतस्थळे जास्त पैसे घेऊन तीच तिकिटे पुन्हा विकणारी असतात. पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्यावेत. लूव्हर, ऑर्से आणि ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम येथे १८ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. त्यांच्यासाठी पैसे मोजू नयेत, मात्र वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि लंडनची नॅशनल गॅलरी यांचे कायमस्वरूपी संग्रह सर्वांनाच विनामूल्य पाहता येतात, आणि माद्रिदच्या प्रादोमध्ये रोजचे शेवटचे दोन तास विनामूल्य असतात.

वेळ निवडताना स्वतःच्या झोपेचाही विचार करावा, ज्याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. पॅरिसमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात, तेथील उन्हाळी वेळेनुसार, दुपारचे साडेबारा झालेले असतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस सकाळची पहिली वेळ घेणे उत्तम. लूव्हर बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडे असले तरी त्या सवलतीचा लाभ मुक्कामाच्या शेवटी शेवटी घ्यावा. जपानमध्ये नेमके उलटे करावे: तेथील सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच, त्यामुळे पहिल्या दिवशी दुपारचे संग्रहालय बरे.

कोठे जावे, याबद्दल माझी मते स्पष्ट आहेत. परदेशातील पहिले संग्रहालय पाहायचे असेल आणि दुबईत नातेवाईक असतील, तर लूव्हर अबू धाबी निवडावे. २०१७ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयाची मांडणी देशांनुसार नसून कालक्रमाने आहे, त्यामुळे एकाच काळात भारत, चीन आणि युरोपात काय घडत होते ते शेजारी शेजारी दिसते. शिवाय ज्यां नूव्हेल यांनी रचलेल्या १८० मीटर व्यासाच्या जाळीदार घुमटातून झिरपणारे ऊन लहान मुलांनाही खिळवून ठेवते. कैरोजवळ गीझा येथे २०२५ मध्ये औपचारिकपणे खुल्या झालेल्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तू एकत्र आल्या आहेत. तेथे एका दिवसापेक्षा कमी वेळ देऊ नये. लंडनला जाणाऱ्यांनी ब्रिटिश म्युझियममधील अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट पाहिल्याशिवाय परतू नये. ही अमरावती विदर्भातली नव्हे, तर आंध्र प्रदेशात कृष्णेच्या काठची. मात्र या स्तूपाचे वैभव ज्या सातवाहनांच्या काळात वाढले, त्यांचीच राजधानी पैठण आणि त्यांच्याच काळात भरभराटीला आलेले बंदर म्हणजे आपल्या ठाण्याशेजारचे कल्याण. सातवाहनकालीन नाणेघाटाची चढण चढलेल्या माणसाला ते पांढरट दगडातले नक्षीकाम परके वाटत नाही.

प्रत्यक्ष चित्रासमोर काय करावे, हे राइक्सम्युझियममधील एका चित्रावरून सांगतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार योहान्स व्हर्मीर यांचे दूध ओतणाऱ्या दासीचे चित्र जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच आहे आणि त्याच मजल्यावर रेम्ब्रांटचे १६४२ चे भव्य ‘नाइट वॉच’ असल्यामुळे अनेक जण त्यावरून नजर फिरवून पुढे जातात. येथे आधी दोन पावले मागे उभे राहून प्रकाश कोठून येतो ते पाहावे: डावीकडच्या खिडकीतून तो येतो, आणि त्या खिडकीची एक काच फुटलेली आहे. मग जवळ जाऊन पावावरचे पांढरे ठिपके पाहावेत, ज्यांच्यामुळे त्याचा कडक पापुद्रा हाताला लागेलसा वाटतो. त्यानंतर दासीच्या डोक्यामागची मोकळी भिंत न्याहाळावी. तिच्यावर एक खिळा ठोकलेला आहे, त्याची सावली रंगवलेली आहे आणि उपटलेल्या खिळ्यांची भोकेही दिसतात. त्या भिंतीवर व्हर्मीर यांनी आधी भांडी अडकवण्याची फळी रंगवली होती आणि नंतर ती झाकून टाकली, हे २०२२ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत स्पष्ट झाले. सारे लक्ष दुधाच्या धारेवर का खिळते, याचे उत्तर त्या काढून टाकलेल्या फळीत आहे. एवढे पाहायला दहा मिनिटे लागतात, आणि छायाचित्र काढायचेच असेल तर ते या दहा मिनिटांनंतर काढावे. मोनालिसाच्या दालनातही हीच शिस्त पाळावी; गर्दीत तिच्याजवळ पोहोचता आले नाही, तर मागे वळून समोरच्या भिंतीवरचे व्हेरोनेझे यांचे लग्नाच्या मेजवानीचे १५६३ चे चित्र पाहावे, जे जवळजवळ दहा मीटर रुंद आहे आणि ज्याच्यापुढे बहुतेक वेळा ऐसपैस जागा असते.

राहिलेल्या सूचना लहान पण कामाच्या आहेत. हॉटेल सोडण्याच्या दिवशी संग्रहालय ठेवू नये, कारण मोठ्या सुटकेस बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत आणि सांभाळतही नाहीत. व्हॅटिकनमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. तेथील सिस्टीन चॅपेलमध्ये छायाचित्रणास मनाई आहे आणि शांतता पाळावी लागते. प्रादोमध्येही छायाचित्रे काढू देत नाहीत. ज्येष्ठांसाठी चाकांची खुर्ची मिळते का, हे आधी विचारून ठेवावे, आणि ती घेण्यात त्यांना संकोच वाटू देऊ नये. सहल कंपनीसोबत असाल तर भेटण्याची जागा आणि वेळ कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावी. लूव्हरला देनों, सुली आणि रिशलिए असे तीन भाग आहेत आणि ते तिन्ही काचेच्या पिरॅमिडखालच्या सभागृहात येऊन मिळतात, म्हणून चुकामूक झाल्यास सर्वांनी तेथेच परत यायचे, असे आत शिरण्यापूर्वीच ठरवून टाकावे.